तळची बाटली

अणदूर, ता. तुळजापूर, जि. उस्मानाबाद
१२ नोव्हेंबर १९५८

ती. चन्नम्मा अक्कांस बंडप्पाचे शरणार्थ.

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. तरी पत्र पुरतं वाचून घ्या, मग चुलीत घालायचं तर घाला. सोबत बाटली आहे. आमच्या गावचा व्यंकट आळंदच्या बाजारला येतो, त्याच्या हाती दिली आहे. तुमचे गुडघे धरले आहेत, जिना चढवत नाही, हे मला परक्याच्या तोंडून कळावं याचं वाईट वाटलं.

औषध अप्पांचंच आहे. कुचल्याचं. बीतलं विष उतरवायला गोमूत्रात भिजवणं, दुधात शिजवणं, साल काढणं, बीमधली जीभ काढून टाकणं, तुपात परतणं, यातलं एकही मी सोडलेलं नाही. त्यापुढचं काम तेवढं माझं आहे.

अप्पांच्या पुण्यतिथीला, जंगम पानावर बसलेले असताना, मी जे बोललो ते तुम्ही विसरला नसाल. मीही विसरलो नाही आणि त्यातला एक शब्दही मागं घेत नाही. अप्पांच्या हातच्या तीन गोळ्या मी तपासल्या होत्या. एकीत जेवढं विष होतं तेवढं दुसऱ्या दोन मिळून नव्हतं. 'लोक मेले नाहीत हे नशीब' असं मी म्हणालो. तुम्ही ताट सरकवून उठलात आणि म्हणालात, "माझ्या बापाच्या हातनं कुणी मेलं न्हाय." त्यानंतर तुम्ही माहेरी पाऊल ठेवलं नाही.

तेव्हा मी तपासलं कसं ते तुम्ही ऐकून घेतलं नव्हतं. आता ऐका. सोलापूरच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. तिथल्या कॉलेजातल्या एका डेमॉन्स्ट्रेटरनं मला क्रोमॅटोग्राफी म्हणून एक रीत एकदाच दाखवली. बाकी सगळं मी पुस्तकं आणि डिक्शनरी घेऊन स्वतः उलगडलं. विलायती गाळणकागदाची पट्टी घ्यायची. खालच्या बाजूला पेन्सिलनं रेघ ओढायची आणि तिच्यावर काचेच्या बारीक नळीनं औषधाचा थेंब ठेवायचा. शेजारी शुद्ध स्ट्रिक्निनचा, म्हणजे कुचल्यातल्या विषाचा, मापाचा थेंब. पट्टी काचेच्या बंद बरणीत टांगायची, टोक तळच्या रसायनात बुडेल एवढीच. (माझी बरणी गोळ्या-बिस्किटांच्या दुकानातली आहे, पण झाकण घट्ट बसतं.) रसायन कागदातून वर चढतं आणि औषधातले घटक आपापल्या चालीनं वर नेतं. कुणी पुढं जातं, कुणी मागं राहतं. पट्टी वाळवून वर बिस्मथचं पाणी फवारलं की नारिंगी ठिपके उमटतात. कुचल्यातलं स्ट्रिक्निन एकीकडं, ब्रुसिन दुसरीकडं. ते ठिपके मी कात्रीनं कापून सोनाराच्या काट्यावर तोलतो आणि मापाच्या ठिपक्याशी ताडून पाहतो. या जिल्ह्यात हे करणारा दुसरा कोणी असेल तर मला दाखवा.

गोळीपेक्षा काढा बरा, कारण काढा सगळीकडं सारखा असतो. चिंचेच्या आंबट पाण्यात कुचल्याचं सत्त्व छान उतरतं. अडचण एकच झाली. एस.टी. स्टँडवरचा हमाल बलभीम चारचौघांत म्हणाला, "बंडप्पा, औषध हाय का चिंचेचं सार? दुखणं कमरंत, अन् जाळ निघतोय छातीत!" लोक हसले. मी रागावलो नाही. शिवगंगेच्या डब्यातला पापडखार घेतला आणि आंबटपणा मोडेपर्यंत बेतानं घातला. जळजळ गेली. ही युक्ती कोणत्याही पुस्तकात नाही.

आता बाटलीचं. तपेलं आमटीचं असो की कशाचं, तळचं घट्ट ते घरच्यांना, ही आपल्या अव्वांची रीत. तुम्हाला पाठवलेली बाटली तपेल्याच्या तळची आहे. गावाला वरचं दिलं. थोडा पांढरा गाळ बसलेला दिसेल. तो आपल्या विहिरीच्या पाण्यातला चुना आहे, त्यानं काही होत नाही, उलट हाडांना बराच. बाटली हलवायची गरज नाही, फेस होतो. दुखेल तेव्हा एक चमचा घेत जा.

शिवगंगा नमस्कार सांगते. उत्तर द्यायचं की नाही ही तुमची मर्जी.

बंडप्पा


अणदूर
९ डिसेंबर १९५८

ती. अक्कांस,

अयोध्येच्या अक्षरातलं पत्र पोचलं. तुमची सून इतकं सुरेख मराठी लिहिते हे मला ठाऊक नव्हतं. पण मजकूर तुमचाच होता, ते पहिल्या ओळीत कळलं. 'तुझं औषध घेतलं, गावच्या पाण्यात आणि त्यात फरक कळला नाही.' बरं.

मी तुमच्यावर रागावलो नाही, कारण हेच इथंही दोघातिघांनी ऐकवलं. मी वाद घातला नाही, कागद लावला. तपेल्यातला निवळ काढा रात्रभर ठेवून सकाळी वरून थेंब घेतला. ठिपका खरोखरच फिका निघाला, मापाच्या निम्माही नाही. म्हणजे तुमची तक्रार खरी होती. मी मान्य करतो, कारण कागदानं मान्य केली. यंदाचा कुचला हलका असणार. कोकणातनं येणारं बी दर सालाला वेगळं असतं. नव्या तपेल्यात मी कुचला वाढवला, ठिपका मापाशी जुळेपर्यंत वाढवत गेलो. आता बरोबर जुळतो.

तुमच्या बाटलीपुरतं सांगायचं तर चमचा एक होता तो दोन करा. आणि औषध अर्ध्यात टाकू नका. अर्ध्यात टाकलेलं औषध आणि अर्ध्यात सोडलेलं बोलणं, दोन्हीची तुम्हाला सवय आहे म्हणून लिहितो. बाटली पुरती संपवा, शेवटी थोडं पाणी घालून विसळून प्या. आपल्या घरी तुपाची बरणी, औषधाची बाटली अशीच विसळत आलो आपण.

गावात एक वाईट झालं. खालच्या आळीतल्या सिताबाई, भाजीची पाटी घेऊन नळदुर्गला जायच्या, त्या गेल्या. दातखीळ बसली, पाठ कमानीसारखी वळली, आणि शुद्ध मात्र शेवटपर्यंत होती म्हणतात. लोक धनुर्वात म्हणाले. काही दिवसांपूर्वी पायात बाभळीचा काटा मोडला होता, त्यातून झालं असणार. त्या माझं औषध घ्यायच्या, कमरेसाठी. त्यांच्या सुनेनं बाटली परत आणून दिली, लख्ख धुतलेली. म्हणाली, "सासूबाईंनी शेवटचा घोट इसळून घेतला व्हता, त्याच दिवशी सकाळी. काय बी वाया जाऊ द्यायच्या न्हाईत." अशी माणसं आता राहिली नाहीत.

अयोध्येला आशीर्वाद. तिला सांगा, 'स्ट्रिक्निन' तिनं बरोबर लिहिलं आहे.

बंडप्पा


अणदूर
११ जानेवारी १९५९

ती. अक्कांस,

तुमचं उत्तर आलं नाही म्हणून हे आणखी एक. कामं फार आहेत, थोडक्यात लिहितो.

आपल्या खंडोबाचा मुक्काम सध्या नळदुर्गात आहे, त्यामुळं गाव ओकंबोकं वाटतं. थंडी आहे. शिवगंगेचा खोकला बरा आहे.

मागं ज्याचं लिहिलं होतं तो बलभीम हमाल आजारी आहे. त्याला सोलापूरला हलवलं. स्टँडवर पोती उतरवताना जबडा आखडला म्हणून हसत हसत लोकांना दाखवत होता, आणि नंतर पडला. हलवण्याआधी मी पाहायला गेलो. कुणी हाक मारली, खांद्यावर हात ठेवला, की धनुष्यासारखा वाकायचा. शेजारी लोटा पडला तरी अंग ताठ. डोळे मात्र आपल्याकडं लागलेले. त्याची बायको मला म्हणाली, "तुमचीच बाटली संपवली त्यानं आज. म्हनला, बंडप्पाच्या नव्या औषधात ताकद हाय, वाया घालवू नगं, पानी घाल." मी तिला म्हणालो, औषधाचा काही संबंध नाही, प्रत्येक तपेलं तपासून देतो मी. तिनं माझ्याकडं पाहिलं फक्त.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण आहेत. मला म्हणाले, "कंपाउंडर, काटा कुठं गेला होता याला?" मी म्हणालो, हमाल आहे, पायांना जखमा असतातच. ते म्हणाले, "तुमच्या औषधात काय काय असतं?" मी त्यांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. मी काही लपवत नाही. पट्ट्याही दाखवल्या. ठिपके बरोबर आहेत हे त्यांनाही मान्य करावं लागलं.

घरी शिवगंगा विचारत होती, "तो पांढरा गाळ तरी बघितला का तुम्ही कधी?" मी म्हणालो, चुना आहे. ती म्हणाली, "आपल्या हंड्यात चुना बसतो तो पापुद्र्यावानी बसतो. ह्यो साखरेवानी हाय." बायकांना स्वयंपाकघरातल्या भांड्यांपलीकडं उपमा सुचत नाहीत.

औषध देणं मी सध्या थांबवलं आहे. बाटल्यांचा तुटवडा आहे. रसूल भंगारवाल्याकडं सांगून ठेवलं आहे.

तुमच्या औषधाबद्दल विशेष काही लिहायचं नाही. बाटली किती उरली आहे एवढं अयोध्येला लिहायला सांगा. सहज विचारतो. उत्तर लवकर यावं.

बंडप्पा


अणदूर
२४ जानेवारी १९५९, शनिवार, दुपार

चि. अयोध्येस,

हे पत्र तुझ्यासाठी आहे, अक्कांसाठी नाही. तुझी मामी शिवगंगा घेऊन येते आहे. माझं नाव ऐकून चिडण्याआधी एक काम कर. अक्कांची औषधाची बाटली उचल आणि तुझ्या ताब्यात घे. मग पुढचं वाच.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. अक्कांनी सांगितलेलं तू लिहिलंस, 'भावाच्या शब्दावर दुप्पट औषध घेते आहे. तळाला आलं आहे. येत्या सोमवारी पूजा आटोपली की शेवटचा घोट, त्यानं सांगितलं तसं विसळून घेईन. मग त्याला म्हणावं ये, आता ताट सरकवणार नाही.' इतकी वर्षं मी या ओळीची वाट पाहिली आणि आज ती वाचताच मी मामीला गाडी गाठायला सांगितलं.

बलभीम सोलापुरात वारला. डॉक्टरांनी धनुर्वात नाही असं लिहून दिलं. नळदुर्गच्या फौजदारांनी मला गाव सोडायला मनाई केली आहे. शिपाई ओट्यावर बसून आहे. म्हणून मी येत नाही, मामी येते. नळदुर्गच्या खंडोबाच्या जत्रेच्या गर्दीनं गाड्यांत पाय ठेवायला जागा नाही, आणि उमरग्याला गाडी बदलायची आहे. उद्या रविवार, परवा सव्वीस जानेवारीची सुट्टी, टपाल मंगळवारआधी पोचणार नाही. शिपायाच्या हातापाया पडून नळदुर्गहून तार करायला माणूस पाठवला आहे. पण तार म्हणजे कुणी तरी गेल्याची, असंच आपल्याकडं समजतात. ती इंग्रजीत जाते, कोण कशी सांगेल भरवसा नाही. शिवाय मी गेलो असं समजून अक्का हाय खातील ती वेगळीच.

झालं काय ते तुला कळायला हवं, म्हणजे 'मामाचं डोकं फिरलं' म्हणून बाटली परत फळीवर ठेवणार नाहीस. काल मी तपेल्याच्या तळचा पांढरा गाळ धुऊन बशीत घेतला आणि त्याच्यावर लिंबू पिळलं. चुना असता तर फसफसला असता. एक बुडबुडा आला नाही. तो गाळ गुपचूप विरघळून गेला, बशी स्वच्छ. त्याचा थेंब मी कागदावर घेतला. ठिपका एवढा आला की कापायला कागद पुरला नाही.

कुचल्याचं विष आंबटात विरघळून राहतं. आंबटपणा मोडला की ते पाण्यात राहत नाही, बारीक खडे होऊन हळूहळू खाली बसतं, तपेल्यात तसंच बाटलीतही, आणि शेवटच्या विसळलेल्या घोटात सगळं एकदम पोटात जातं. मी पापडखारानं आंबटपणा मोडला. वरचं पाणी निवळलं, फिकं पडलं, लोक म्हणाले गुण नाही. मी वरूनच थेंब घेत राहिलो, कागद म्हणाला कमी आहे, मी कुचला वाढवत गेलो. कागदानं एकदाही खोटं सांगितलं नाही. मी जिथला थेंब दिला तिथलं त्यानं सांगितलं. तळाचं मी त्याला विचारलंच नाही. आणि अक्कांची बाटली मी मुद्दाम तळची भरली होती.

आणखी एक लिहितो, कारण फौजदारांना मी हे सांगितलेलं नाही. मागचं पत्र लिहिताना मला शंका आली होती. बलभीमची बायको बोलली तेव्हाच आली होती. त्याच पत्रात 'औषध पिऊ नका' एवढे तीन शब्द लिहिता आले असते. पण ते लिहिले असते तर अक्कांनी ते तुझ्याकडून दोनदा वाचून घेतले असते आणि मग हसल्या असत्या. म्हणून 'बाटली किती उरली' एवढंच विचारलं. पेन हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो. शिवगंगेनं पाहिलं आहे.

आता नीट वाच.

अक्कांनी शेवटचा घोट घेतला नसेल तर बाटली, चमचा, वाटी सगळं मामीच्या हवाली कर. मोरीत ओतू नकोस, उकिरड्यावर टाकू नकोस, गुरं तोंड लावतील. दुसऱ्या बाटलीला ते बूच लावू नकोस.

घेतला असेल आणि अजून अंग आखडलं नसेल तर चुलीतला कोळसा वस्त्रगाळ कुटून पाण्यातून पाज, जाईल तेवढा. मग लगेच गाडी करून गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात ने. तिथं कुचला हा शब्द सांग, आणि स्ट्रिक्निन हाही सांग. वैद्य, अंगारा, कुणाच्याही नादी लागू नकोस. भावकीतल्या कुणाला बोलवायला जाण्यात वेळ घालवू नकोस.

जबडा धरला असेल तर तोंडात काही घालू नकोस, कोळसाही नाही. खोलीत अंधार कर, खिडकीला घोंगडी लाव. कुणी हाक मारायची नाही, डोक्यावरून हात फिरवायचा नाही, भांडं वाजवायचं नाही. पोरांना दूरच्या घरी पाठव. दिसायला हे क्रूर दिसेल, पण प्रत्येक आवाजानं आणि प्रत्येक स्पर्शानं अंग पुन्हा वाकतं, आणि त्यात श्वास अडकतो. बलभीमला त्याच्या माणसांनी मायेनं हाका मारल्या. मीही मारली होती. गाडी आली की डॉक्टरांना आधी घरी आणता येतं का बघ. नाहीच आलं तर घोंगडीसकट उचला, एकदाच, सगळ्यांनी मिळून, न बोलता.

अक्का तुझ्याकडं पाहतील. त्यांना सगळं कळत असेल. तू समोर बसून राहा, फक्त हलू नकोस.

मामीचा आवाज मोठा आहे, आणि ती रडत येईल. तिला दारातच थांबव. अक्कांना माझी पत्रं तू ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवतेस, शेजारपाजारही ऐकायला येतं, असं तू कौतुकानं लिहिलं होतंस.

हे मोठ्यानं वाचू नकोस.

बंडप्पा